देवगावच्या आजोबांचं गणित

प्राध्यापक व्यंकटराव देवगावकर निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं लेक्चर काही निवृत्त झालं नव्हतं. कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन माणूस घरी पाठवला, त्याच्याबरोबर लेक्चरही पाठवलं. ते ऐकायला उस्मानपुऱ्यातल्या घरात आता एकच विद्यार्थिनी उरली होती, ती म्हणजे भानुमती. तिनं कुठं प्रवेश घेतला नव्हता, फक्त लग्न केलं होतं.

विषय मानसशास्त्र. त्यातही सरांचा जीव एकाच पेपरात अडकलेला: 'मानसशास्त्रातील प्रमुख वाद'. माणूस रक्तानं घडतो की संगोपनानं? तो स्वतःच्या इच्छेनं वागतो की परिस्थिती त्याला वागवते? परदेशातल्या कॉलेजकुमारांवर प्रयोग करून काढलेले सिद्धांत पिशोरच्या आठवडी बाजारातल्या माणसाला लागू पडतात का? आणि पुरुषांना तपासून काढलेले निष्कर्ष बायकांवर का लादायचे? हा शेवटचा वाद सर तास संपत आला की उरकून टाकत. परीक्षेत प्रश्न यायचा, 'चिकित्सक मूल्यमापन करा', आणि सरांनी त्याचं उत्तर पक्कं बांधून दिलं होतं. आधी एक बाजू, मग दुसरी बाजू, आणि शेवटी समन्वय. कुणाचंच चुकलं नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर आहे, असा तो समन्वय. पोरं पास होत आणि सरांना पाठीमागं 'समन्वय सर' म्हणत.

घरातही हाच कारभार. दोडका करू की कारलं, असं विचारलं तर सर दोन्ही बाजू मांडायला बसत. समन्वयापर्यंत येईतो भानुमतीनं पिठलं केलेलं असे. सर पिशवी घेऊन बाजारात जात आणि कोथिंबीर विसरून येत, तेव्हा ती परिस्थितीची देण असे: वाटेत अमका भेटला, ऊन होतं, माणसाच्या हातात काय असतं? पण भानुमती मोटार चालू करायला विसरली आणि नळाचं पाणी निघून गेलं, तर तिथं मात्र इच्छास्वातंत्र्य लागू होई. या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा पाळतात, त्यामुळं हा वाद घरात बराच गाजला होता.

रक्त की संगोपन या वादात मात्र सर समन्वयाआधी जरा रेंगाळत. तिथं त्यांच्याकडं घरचं उदाहरण होतं. ते उजवा हात वर करत आणि बोटं मोजू लागत. "आमचे आजोबा. देवगाव रंगारीत पाटीपेन्सिल न घेता अख्ख्या गावाचे हिशेब तोंडी करायचे." एक बोट. "आमचे अण्णा. शाळामास्तर, पावकी-दिडकी झोपेत म्हणायचे." दुसरं बोट. "मी. मॅट्रिकला गणितात तालुक्यात पहिला." तिसरं. मग सर थोडं थांबत, कारण चौथ्या बोटाला त्यांचा आवाज नेहमी ओला होई. "आणि आमची सई. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरांची बेरीज करत चालते. हे कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही. हे रक्त!"

लेक्चर चोख होतं. अडचण एवढीच, की सई दत्तक होती.

छावणीतल्या एका संस्थेतून तीन महिन्यांची सई त्यांनी घरी आणली, त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. देवगावच्या आजोबांच्या रक्ताचा थेंबही तिच्यात असण्याचं कारण नव्हतं. सई सात वर्षांची असताना भानुमतीनं तिला गच्चीवर कुरडया वाळत घालताघालता सगळं सांगून टाकलं होतं. सर तेव्हा पेपर तपासत होते. पोरीनं ऐकून घेतलं, एक ओली कुरडई तोंडात टाकली आणि विचारलं, "बाबांना माहितंय?"

प्रश्न हसण्यावारी गेला. पण पुढं पुढं भानुमतीला तो बोचायला लागला. कारण ही गोष्ट व्यंकटरावांच्या तोंडून कधीच, एकदाही बाहेर आली नाही. घरातही नाही. कुणी सईचं कौतुक केलं की बोटं वर. सई हट्टाला पेटली की, "आमच्या आत्यावर गेलीय." सईला पालेभाजी आवडेना तर तोही दोष देवगावचाच. भानुमतीनं या माणसाला मनातल्या मनात केव्हाच निकाल देऊन ठेवला होता: भित्रा. चारचौघांत पोर आणली असं म्हणायची लाज वाटते, म्हणून आजोबांना पुढं करतो. आणि वाईट हे, की सईनंही तेच धरून ठेवलं होतं. ती एकदाच बोलली होती, बारावीच्या निकालाच्या दिवशी. शेजारपाजारच्यांना पेढे देताना बाबांनी बोटं मोजली, आणि ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मी जशी आहे तशी बाबांना चालत नाही का गं?" भानुमतीला त्या दिवशी नवऱ्याचा जो राग आला तो पुरता कधीच गेला नाही.

पुढं सई वाळूजच्या एका कारखान्यात लागली, तिथंच तिनं ऋतुराजला पसंत केलं. त्याला तिनं सगळं सांगितलं. बैठकीच्या दिवशी त्याच्या आईलाही सांगायचं ठरलं होतं. सारजाबाई पिशोरहून आलेल्या, नऊवारी नेसलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. भानुमतीनं पदर सावरला, "एक गोष्ट सांगायची होती," एवढं म्हणाली, आणि शेजारून हात वर गेला. आजोबा, अण्णा, मी आणि ही. सारजाबाई दिपून गेल्या. भानुमतीचं वाक्य जे अर्धं राहिलं ते राहिलंच. कुणी काही लपवलं नव्हतं. सर एवढं बोलत, की सांगायला जागाच उरत नसे.

आता मात्र जागा करावी लागणार होती. सई आणि ऋतुराजला मूल झालं नाही, दवाखाने करून दोघं थकले, आणि मग सईनं सरळ सांगितलं, "आपण आणू या. मला आणलं तसं." अर्ज झाला. रीतीप्रमाणं समाजसेविका घरी येऊन घरातल्या माणसांशी बोलणार होती. आणि नेमक्या त्या वेळी सारजाबाईंनी पाय रोवले.

"म्हैस घेताना बी आपण तिची आई बघतो," त्या म्हणाल्या. "आन् हितं लेकरू घ्यायचं, त्याचं गाव ठावं नाय, माय ठावी नाय. ते म्हणं लातूरहून बी येईल, नायतर नागपूरहून. कुठल्या मुलखाचं, कुणाचं, कसं व्हायचं?" रडारड, आदळआपट काही नाही. नुसतं एवढंच, आणि वर पुस्ती: "सर काय म्हणत्यात ते इचारा. त्येंनी समदा जलम ह्योच इषय शिकिवला. ते म्हणले व्हय, तर माझं बी व्हय."

म्हणजे निकाल समन्वय सरांच्या हाती. ज्या माणसाला दोडक्याचा निर्णय कधी झाला नाही, त्यानं आता एका लेकराचा करायचा होता.

"मी सांगते त्यांना माझं मी," भानुमती सईला फोनवर म्हणाली. "एका वाक्याचं काम आहे."

"नको," सई म्हणाली. "तू नको, मी नको. बाबांनी सांगायचं. माझ्या सासूसमोर, त्यांच्या तोंडानं. ते एकदा तरी म्हणू देत, की हिला आम्ही आणली. नाहीतर आई, मी उद्या त्या लेकराला काय तोंडानं घरात घेऊ? त्यालाही असंच झाकत बसायचं?"

भेटीच्या आदल्या दिवशी भानुमतीनं चहाचा कप सरांच्या पुढं ठेवला आणि कधी नव्हे ती स्पष्ट बोलली. "उद्या लेकीकडं गारखेड्याला गेल्यावर दोन्ही बाजू मांडत बसू नका. सईचं सांगा."

"म्हणजे काय! सईचंच सांगणार," सर म्हणाले. "सबंध विषयात तेच तर माझं मुख्य उदाहरण आहे."

भानुमतीला वाटलं, सुटलो. आनंदाच्या भरात तिनं सरांना दुसरा चहाही करून दिला. इतकी वर्षं संसार करून एवढी भाबडी चूक तिनं करायला नको होती.

दुसऱ्या दिवशी गारखेड्यात पाण्याचा दिवस होता. घरात नळी इकडून तिकडं पसरलेली, न्हाणीत पिंप भरत होतं, ऋतुराज विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. समाजसेविका आली ती सदफ निघाली, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. नळी ओलांडून ती आत आली, सरांना बघून तिचा चेहरा खुलला आणि हातातली फाईल बगलेत मारून तिनं वाकून नमस्कार केला.

"सर, आप! मला काय माहीत, तुम्ही सईताईंचे वडील." मग बसताबसता हसून म्हणाली, "अपना वो लेक्चर अभीतक पाठ है सर. हॉस्टेलमधे आम्ही पोरी सगळ्या ॲक्टिंग करायचो." आणि तिनं बोटंही वर केली. आजोबा, अण्णा, मी आणि ही.

सर फुलले.

सदफनं सई-ऋतुराजला तिचे ठरलेले प्रश्न विचारले. ती चांगली मुलगी होती, भराभर आणि मायेनं विचारत होती. मग ती सारजाबाईंकडं वळली. "आजी, तुमचं काय म्हणणं? लेकरू आलं तर रात्रंदिवस तुमच्याच जवळ असणार. घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात नसलं, तर मला तसं लिहावं लागतं."

"माझं म्हणणं सर सांगत्यान," सारजाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून सरांकडं तोंड करून बसल्या.

सरांनी घसा खाकरला. आणि भानुमतीच्या डोळ्यांदेखत वीस गुणांचं उत्तर सुरू झालं.

पहिली बाजू. संगोपनाचं महत्त्व नाकारता येणार नाही. मूल म्हणजे ओली माती, वगैरे. ऋतुराज मान हलवू लागला, त्याला वाटलं आपलं काम झालं. त्यानं यापूर्वी सरांचं पूर्ण लेक्चर ऐकलं नव्हतं. दुसरी बाजू. तथापि. तथापि आल्यावर सई खाली बघू लागली. जुळ्या भावंडांचे अभ्यास आले, आणि ते सगळे परदेशातले असल्यामुळं आपल्याकडं कितपत लागू, हा वाद आला. मग त्या वादाच्या दोन बाजू आल्या. सारजाबाई एकेका शब्दाला मान डोलावत होत्या आणि त्यांना काहीही कळत नव्हतं. मूल आणावं की आणू नये, हा प्रश्न केव्हाच नळीच्या पाण्याबरोबर न्हाणीत वाहून गेला होता.

"मंग सर, रगत म्हत्त्वाचं का नाय?" शेवटी सारजाबाईंनी मधेच धरलं.

"नाही कसं? लांब कशाला जायचं," सर म्हणाले. "आपल्या सईचंच घ्या."

सईनं मान वर केली. हात वर गेला.

"आमचे आजोबा," सरांनी पहिलं बोट उघडलं.

भानुमतीच्या डोक्यात तिडीक गेली. अरे माणसा! तुझी पोर समोर बसलीय, तिचं लेकरू दाराबाहेर ताटकळतंय, आणि तुला अजून देवगावचा म्हातारा लागतो? तिला वाटलं, उठावं आणि ते बोट धरून पिरगाळावं.

"आमचे अण्णा. मग मी." तीन बोटं झाली. "आणि ही आमची..."

"बाबा," सई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण फाटला होता. "मला कुठून आणलंत ते सांगा ना सासूबाईंना. माझ्या लेकरासाठी तरी सांगा. एवढी लाज वाटते का हो माझी?"

सारजाबाई सईकडं बघू लागल्या, मग भानुमतीकडं.

भानुमती नवऱ्याकडं बघत होती. आता हा सावरून घेईल, घसा खाकरेल, तिसरी एखादी बाजू काढेल, अशी तिची खात्री होती. या माणसाच्या सगळ्या पळवाटा तिला ठाऊक होत्या. पण व्यंकटरावांचा हात तसाच वर राहिला. तीन बोटं उघडी, चौथं अर्धं. ते त्या अर्ध्या बोटाकडं बघत होते. मग त्यांनी पहिल्यापासून परत मोजलं, ओठ हलवत, पाढा चुकलेल्या पोरासारखं. आजोबा, अण्णा, मी. आणि परत तिथंच अडले.

"अगं..." ते भानुमतीला म्हणाले. "हो की गं."

एवढंच. आणि त्यांचा चेहरा असा कोरा आणि गोंधळलेला झाला, की भानुमतीला एका क्षणात कळलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. कधीच बोलला नव्हता. यानं काही झाकलं नव्हतं, याला भीती नव्हती, लाज तर नव्हतीच. हा विसरला होता. संस्थेच्या कागदावर स्वतः सही केलेला, मानसशास्त्राचा विभागप्रमुख, रक्त की संगोपन यावर उभा जन्म बोललेला माणूस, आपली पोर आणलेली आहे हे साफ विसरून गेला होता. आणि ती इतकी वर्षं त्याला भित्रा म्हणत आली होती. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदम आलं.

"लाज कसली गं?" सर सईला म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता, पण तरीही जरा दुखावलेला होता. "आणली तर आणली. पण गणित आजोबांचंच आहे तुझं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

सई उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ती रडत होती. त्यांचा तो वर राहिलेला हात तिनं खाली घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. तो खाली आणायचं सरांना सुचलंच नव्हतं.

सदफ फाईल उघडून बसली होती, पण लिहीत काहीच नव्हती. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "सर," ती म्हणाली, "मग हे उत्तर कुठल्या बाजूचं?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडत होतं. समन्वय काही आला नाही.

सारजाबाई मात्र अजून सईकडं टक लावून बघत होत्या. वर्षानुवर्षं जिच्या हातचं खाल्लं त्या सुनेत त्या आता नवीन काय दिसतंय ते शोधत असाव्यात. काही सापडलं नसावं.

"म्हंजी ही बी आणल्याली?" त्यांनी भानुमतीला विचारलं.

"व्हय," भानुमती म्हणाली. तिच्या तोंडून सारजाबाईंचाच शब्द गेला. "तीन महिन्यांची होती. बैठकीतच सांगणार होते विहीणबाई, पण..." तिनं नवऱ्याकडं हात केला. एवढ्यावरून सगळ्यांना समजलं.

"आन् सर इसरले."

"विसरले."

सारजाबाईंनी हे प्रकरण मनातल्या मनात उलटंपालटं करून बघितलं. चिकित्सक मूल्यमापन म्हणतात ते असंच असावं, फक्त त्याला गुण नव्हते.

"एक सांगा मला," शेवटी त्या म्हणाल्या. "किती दिस लागले त्येंला इसरायला?"

भानुमतीला तो दिवस लख्ख आठवला. छावणीतून निघालेली रिक्षा, तिच्या मांडीवर दुपट्यातलं एवढंसं गाठोडं, आणि तिचं आपलं रडणं चाललेलं, कारण तिला वाटत होतं हे आपल्याला जमायचं नाही. आणि शेजारी बसलेल्या व्यंकटरावांचं बोट त्या गाठोड्यातल्या मुठीनं गच्च धरलेलं. "पकड बघ," ते म्हणाले होते, "थेट अण्णांची." तिला तेव्हा वाटलं होतं, आपल्याला हसवायला म्हणतायत.

"दिवस नाही लागले," ती म्हणाली. "रिक्षा बाबा पेट्रोल पंपापर्यंतही आली नव्हती."

सारजाबाईंनी छावणी ते बाबा पंप हे एवढंसं अंतर मनात मोजलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कारण न्हाणीत पिंप भरून वाहायला लागलं होतं आणि तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"लिव बाई, माझं बी व्हय म्हून," नळी काढताकाढता त्या सदफला म्हणाल्या. "आमचं तर लातूरहून नायतर पार नागपूरहून यायचंय. लई लांबचा रस्ता हाय."